१८ तासिका, २० वर्षं: मेंदूच्या व्यायामाचा हिशेब

पडद्याच्या मधोमध एक चित्र चमकतं, मोटारीचं किंवा ट्रकचं. त्याच क्षणी कडेला कुठेतरी आणखी एक चित्र उमटतं आणि दोन्ही गायब होतात. मग संगणक विचारतो: मधलं वाहन कोणतं होतं आणि कडेचं चित्र कुठल्या बाजूला होतं? उत्तर बरोबर आलं की पुढच्या खेपेला चित्रं आणखी कमी वेळ दिसतात. सुरुवात साधारण अर्ध्या सेकंदापासून होते, आणि हात बसलेला माणूस सेकंदाच्या साठाव्या भागापर्यंत जाऊन पोहोचतो. पुढे पुढे लक्ष विचलित करणारी बिनकामाची चित्रंही मध्ये गर्दी करू लागतात. खेळ म्हणून पाहिलं तर हा प्रकार कंटाळवाणाच म्हणायला हवा.

तरीही म्हातारपणी मेंदू शाबूत राहावा म्हणून संगणकावर जे व्यायाम करतात, त्यांच्याबद्दल आज जे काही थोडंफार ठामपणे सांगता येतं, त्यातलं बरंचसं या कंटाळवाण्या खेळाभोवती फिरतं. फोनवर मिळणारी रंगीबेरंगी, टाळ्या वाजवणारी, रोज गुणांचा आलेख दाखवणारी अ‍ॅप्स ढिगाने आहेत. त्यातल्या बहुतेकांकडे दाखवायला फक्त तो आलेख असतो.

आधी वयाबरोबर नेमकं काय कमी होतं ते पाहू. सगळंच कमी होत नाही. शब्दसंग्रह, अनुभवातून आलेली समज, आपल्या कामातलं कसब या गोष्टी साठीतही टिकतात, काही वाढतातही. घसरतो तो मुख्यतः वेग: डोळ्याकानांवाटे आलेली माहिती मेंदूने टिपून तिचा अर्थ लावण्याचा वेग. ही घसरण तिशीपासूनच हळूहळू सुरू झालेली असते, साठीनंतर जाणवू लागते इतकंच. लग्नघरात कुणी ओळख करून देतं, पाच मिनिटांनी नाव आठवत नाही आणि आपण म्हणतो, ‘विसरलो.’ अशा वेळी पुष्कळदा ते नाव मुळात नीट नोंदलंच गेलेलं नसतं. गोंगाटात, घाईत, तीन माणसं एकदम बोलत असताना मेंदूला ते टिपायला वेळच मिळालेला नसतो.

वर सांगितलेला खेळ आला तो वाहन चालवण्याच्या अभ्यासातून. डोळ्यांच्या तपासणीत उत्तम दृष्टी असलेल्या वयस्क चालकांकडूनही अपघात का होतात, या प्रश्नाच्या मागे कार्लीन बॉल ही अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आणि तिचे सहकारी लागले होते. त्यांना दिसलं की डोळ्यांपेक्षा महत्त्वाची आणखी एक गोष्ट आहे: मान न वळवता, एका नजरेत, किती भागातली माहिती आपण उपयोगात आणू शकतो. समोर सिग्नलवर नजर असताना डावीकडून चुकीच्या बाजूने येणारी स्कूटर टिपणं म्हणजे हेच काम. पुण्यात गाडी चालवणाऱ्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. हा टापू वयाबरोबर आकसतो, आणि सरावाने तो काही प्रमाणात पुन्हा रुंद करता येतो, असं या मंडळींच्या लक्षात आलं.

मग आला तो मोठा प्रयोग. अमेरिकेत १९९८ आणि १९९९ मध्ये सहा ठिकाणी ६५ वर्षांवरच्या २,८३२ माणसांची निवड झाली. ‘अ‍ॅक्टिव्ह’ या नावाने हा प्रयोग ओळखला जातो, आणि त्याचा खर्च अमेरिकन सरकारच्या आरोग्य संशोधन संस्थेने उचलला. सहभागी मंडळी घरी राहणारी, स्वतःचं स्वतः करणारी. सरासरी वय ७४च्या आसपास, आणि साधारण तीन चतुर्थांश स्त्रिया. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे चार गट पाडले. पहिल्या गटाला स्मरणशक्तीच्या युक्त्या शिकवल्या: यादीतले शब्द गटवार लावणं, मनात चित्र उभं करून लक्षात ठेवणं. दुसऱ्याला तर्काचे व्यायाम दिले: अक्षरांच्या किंवा आकड्यांच्या मालिकेतला नियम ओळखून पुढचं पद सांगणं. तिसऱ्याला आपला तो वेगाचा खेळ. चौथ्या गटाला काहीच दिलं नाही. पहिल्या तिन्ही गटांना पाच-सहा आठवड्यांत १० तासिका, प्रत्येक तासिका तास-सव्वा तासाची. नंतर काही जणांना ११व्या आणि ३५व्या महिन्याच्या सुमारास उजळणीच्या प्रत्येकी चार तासिका मिळाल्या. म्हणजे सगळं धरून जास्तीत जास्त १८.

एक तपशील सहज निसटतो. या तिघांपैकी संगणकावर झालं ते फक्त वेगाचं प्रशिक्षण. स्मरण आणि तर्क कागद-पेन्सिल घेऊन, छोट्या वर्गात शिकवले गेले. तिथे सगळ्यांना एकच धडा होता. वेगाच्या खेळात मात्र संगणक प्रत्येकाची पातळी बघून अवघडपणा वाढवत होता, त्यामुळे कुणालाही फार सोपं किंवा फार कठीण पडत नव्हतं. संगणकाचा खरा फायदा काही असेल तर तो हा.

२००२ साली पहिले निकाल आले. प्रशिक्षण संपताच वेगाच्या गटातल्या ८७ टक्के, तर्काच्या गटातल्या ७४ टक्के आणि स्मरणाच्या गटातल्या २६ टक्के लोकांमध्ये ठळक सुधारणा दिसली. पण ही सुधारणा ज्याची त्याची होती. वेग शिकलेल्यांची स्मरणशक्ती वाढली नाही, स्मरणाच्या युक्त्या शिकलेल्यांचा तर्क सुधारला नाही.

सगळं घोडं पेंड खातं ते इथे. संशोधक याला ‘ट्रान्सफर’ म्हणतात: एका कामात मिळवलेलं कौशल्य दुसऱ्या कामात किती झिरपतं. १९०१ मध्येच एडवर्ड थॉर्नडाइक आणि रॉबर्ट वुडवर्थ यांनी दाखवलं होतं की दोन कामांत जितकं साम्य, तितकंच कौशल्य पलीकडे जातं. संगणक आला म्हणून हा नियम काही बदलला नाही. २०१० मध्ये ब्रिटनमध्ये बीबीसीच्या एका विज्ञान कार्यक्रमाच्या मदतीने ११,४३० लोकांनी सहा आठवडे ऑनलाइन मेंदूचे खेळ खेळले. जे खेळले त्यात ते हुशार झाले. ज्या चाचण्यांचा सराव केला नव्हता त्यांत, अगदी सारख्या वाटणाऱ्या चाचण्यांतसुद्धा, फरक पडला नाही. ही माणसं साठीच्या आतली होती, त्यामुळे निष्कर्ष जसाच्या तसा ज्येष्ठांना लावू नये, पण इशारा पुरेसा आहे. रोज सुडोकू सोडवणारे आजोबा सुडोकूत पटाईत होतात. चष्मा कुठे ठेवला हे त्यांना त्यामुळे आठवेल, असं मानायला आधार नाही.

दुसरी मेख तुलनेची. समजा, मी तुम्हाला महिनाभर एक खेळ खेळायला लावला आणि आधी व नंतर स्मरणशक्तीची चाचणी घेतली. गुण वाढले. श्रेय कुणाचं? चाचणी दुसऱ्यांदा देताना कुणाचेही गुण थोडे वाढतात, प्रश्नांची धाटणी ओळखीची झालेली असते. शिवाय अपेक्षेचा परिणाम असतो. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्ज मेसन विद्यापीठातल्या संशोधकांनी दोन प्रकारच्या पत्रकांनी माणसं गोळा केली. एका पत्रकावर बुद्धी वाढवणाऱ्या प्रशिक्षणाची भलामण होती, दुसरं साधंसुधं होतं. दोन्ही गटांनी एकच तासभराचा एकच खेळ खेळला. बुद्धिमत्तेच्या चाचणीत गुण वाढले ते फक्त पहिल्या पत्रकावरून आलेल्यांचे, आणि तेही पाच ते दहा अंकांनी. एका तासात बुद्धी वाढत नाही. वाढला तो हुरूप, किंवा मुळातच असल्या जाहिरातीला भुलणारी माणसं वेगळी असतात.

म्हणून कुठलंही अ‍ॅप ‘शास्त्रीयदृष्ट्या सिद्ध’ असल्याचं सांगू लागलं की विचारावं: कुणाच्या तुलनेत? तुलनेचा गट होता का, आणि असेल तर तो नुसता घरी बसला होता की त्यालाही काहीतरी मन गुंतवणारं काम दिलं होतं?

हा प्रश्न अमेरिकेच्या व्यापार आयोगाने ‘ल्युमॉसिटी’ या लोकप्रिय अ‍ॅपच्या कंपनीला विचारला. हे खेळ खेळल्याने कामात आणि शाळेत प्रगती होते, वयानुसार येणारा बौद्धिक ऱ्हास लांबतो, अशा जाहिराती कंपनी करत होती. पुरावा नव्हता. जानेवारी २०१६ मध्ये प्रकरण मिटवताना कंपनीने २० लाख डॉलर भरायचं मान्य केलं. म्हातारपणाच्या विसराळूपणाची लोकांना जी धास्ती असते तिच्यावर कंपनीने आपली पोळी भाजून घेतली, असा आयोगाचा सूर होता. शास्त्रज्ञांमध्येही तेव्हा दोन तट पडले होते. २०१४ च्या ऑक्टोबरमध्ये सुमारे ७० जणांनी सही करून सांगितलं की या खेळांच्या दाव्यांना शास्त्रीय आधार नाही. दोनच महिन्यांत शंभराहून अधिक जणांनी उलट पत्र काढलं की सगळ्यांना एका माळेत ओवू नका. मला विचाराल तर दोन्ही पत्रं आपापल्या जागी बरोबर होती. पहिलं जाहिरातींबद्दल होतं, दुसरं काही मोजक्या व्यायामांबद्दल.

त्या मोजक्यांत वेगाचा खेळ येतो. ‘अ‍ॅक्टिव्ह’मधल्या माणसांवर पुढे अनेक वर्षं लक्ष ठेवलं गेलं. वेग आणि तर्क शिकलेल्या चालकांच्या स्वतःच्या चुकीने होणाऱ्या अपघातांचं प्रमाण, जितके मैल गाडी चालवली त्या हिशेबाने, जवळपास निम्मं होतं. दहा वर्षांनीही या दोन गटांचं कौशल्य टिकून होतं. स्मरणाच्या युक्त्यांचा परिणाम तोवर विरला होता. तिन्ही गटांतल्या लोकांनी स्वयंपाक, औषधं घेणं, पैशांचे व्यवहार अशा कामांत आपल्याला कमी अडचण येते असं सांगितलं. मात्र हे त्यांनीच स्वतःबद्दल सांगितलेलं, हे विसरायचं नाही.

आणि २०२६ च्या फेब्रुवारीत २० वर्षांचा हिशेब आला. अमेरिकेतल्या ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्यविम्याच्या नोंदींतून, कुणाला डिमेन्शियाचं, म्हणजे स्मृतिभ्रंशाचं, निदान झालं हे तपासलं गेलं. काहीच न मिळालेल्या गटात ४९ टक्के लोकांना ते झालं होतं. वेगाचं प्रशिक्षण आणि वर उजळणीही मिळालेल्यांत ४० टक्क्यांना. सगळे हिशेब धरून धोका २५ टक्क्यांनी कमी. उजळणी न मिळालेल्यांत फायदा दिसला नाही. स्मरण आणि तर्काच्या गटांतही नाही.

वीसेक तासांच्या सरावाने वीस वर्षांनंतरचा आजार लांबतो, हे ऐकायला इतकं गोड आहे की जरा थांबून बघायला हवं. उजळणीला पात्र ठरले ते आधीच्या १० पैकी किमान ८ तासिका पूर्ण करणारे लोक. चिकाटीचे, नियमित येणारे, बहुधा तब्येतीनेही जरा बरे. त्यांची तुलना होते ती ज्यांची अशी चाळणी झालीच नव्हती अशा गटाशी. शिवाय तो गट नुसता घरी होता. दर आठवड्याला कुठेतरी जायचं, माणसांना भेटायचं, हे त्याच्या वाट्याला आलं नाही. मात्र हाच आक्षेप स्मरण आणि तर्काच्या गटांनाही लागू होतो. त्यांनाही तासिका होत्या, उजळणी होती, माणसं भेटत होती, आणि तरी त्यांना हा फायदा झाला नाही. त्यामुळे वेगाच्या खेळात काहीतरी आहे असं मानायला जागा उरते. हा परिणाम इतका का टिकत असावा, याचं संशोधक जे कारण देतात ते पटण्यासारखं आहे: युक्ती आठवून वापरावी लागते, तर हा सराव सायकल शिकण्यासारखा नकळत अंगात मुरतो.

हा व्यायाम आज ‘ब्रेनएचक्यू’ नावाच्या पैसे भरून घ्यायच्या कार्यक्रमात मिळतो. ‘डबल डिसिजन’ हे त्याचं नाव. म्हणजे या संशोधनाच्या निकालात एका कंपनीचा फायदा आहे, हेही लक्षात ठेवायला हवं. त्याने निष्कर्ष खोटे ठरत नाहीत, पण दुसऱ्या कुणीतरी, दुसऱ्या देशात, हाच प्रयोग करून पाहणं जास्त गरजेचं ठरतं.

शब्दकोड्यांच्या भक्तांसाठी एक बातमी. ज्यांच्या स्मरणशक्तीत सौम्य घट आधीच सुरू झाली होती अशा १०७ लोकांवर कोलंबिया आणि ड्यूक या विद्यापीठांनी प्रयोग केला. निम्म्यांना संगणकावरचे मेंदूचे खेळ, निम्म्यांना संगणकावरच शब्दकोडी. संशोधकांचा अंदाज होता की खेळ जिंकतील. २०२२ मध्ये निकाल आला तेव्हा दीड वर्षाच्या शेवटी शब्दकोडी सोडवणारे थोडे पुढे होते. काहीच न करणारा तिसरा गट नव्हता, त्यामुळे शब्दकोड्यांनी ऱ्हास थांबतो असं यावरून म्हणता येत नाही. तरी आडवे-उभे शब्द जुळवणाऱ्यांना नावं ठेवून त्यांच्या हातात टॅब्लेट देणाऱ्या मुलांनी हा प्रयोग वाचायला हरकत नाही.

नुसत्या पडद्यापलीकडे पाहिलं तर चित्र अधिक भक्कम होतं. फिनलंडमध्ये मिया किविपेल्टो यांच्या नेतृत्वाखाली ६० ते ७७ वयाच्या १,२६० लोकांवर दोन वर्षं प्रयोग झाला. ‘फिंगर’ या नावाने तो ओळखतात. आहार, व्यायाम, रक्तदाब-साखर-कोलेस्टेरॉलवर नजर, आणि संगणकावरचं बौद्धिक प्रशिक्षण असं सगळं एकत्र. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालात या गटाची एकूण बौद्धिक कामगिरी नुसता सल्ला मिळालेल्या गटापेक्षा सरस ठरली. २०२५ मध्ये अमेरिकेतल्या २,१११ ज्येष्ठांवर अशाच प्रयोगाचे निकाल आले. आखीव कार्यक्रम असलेला गट पुढे होता, पण स्वतःच्या मर्जीने करणाऱ्यांचीही प्रगती झाली होती. या मिश्रणात संगणकाचा वाटा किती, हे वेगळं काढता येत नाही. फिनलंडच्या प्रयोगातली एक गोष्ट मला फार बोलकी वाटते: संगणकाचे व्यायाम निम्मे तरी पूर्ण करणारे निघाले फक्त पाचातले एक. ज्यांना आधीपासून संगणकाची सवय होती ते टिकले, बाकीचे गळले. हे फिनलंडमध्ये, आणि तेही कुणीतरी पाठपुरावा करत असताना.

आपल्याकडे ही अडचण कितीतरी मोठी आहे. भारतात साठीपुढच्या ७.४ टक्के लोकांना, म्हणजे सुमारे ८८ लाख जणांना, डिमेन्शिया असावा असा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीतून निघाला. प्रमाण जास्त आहे ते स्त्रियांमध्ये, खेड्यांत, आणि ज्यांना शाळा मिळाली नाही अशांमध्ये. आणि बहुतेक अ‍ॅप्स इंग्रजीत, शिकलेल्या, निवृत्तिवेतन घेणाऱ्या, घरात वायफाय असलेल्या माणसासाठी बनवलेली. ‘अ‍ॅक्टिव्ह’मधली मंडळी सरासरी साडेतेरा वर्षं शाळा-कॉलेजात शिकलेली होती. ज्या आजींनी आयुष्यभर शेतीचा हिशेब तोंडी ठेवला, त्यांच्यावर या खेळाचा काय परिणाम होईल, हे अमेरिकेतल्या आकड्यांवरून सांगणं धाडसाचं आहे. मोटार आणि ट्रक ओळखायला अक्षरओळख लागत नाही, एवढी एक जमेची बाजू.

मग करायचं काय? फोन हाताळायला आवडत असेल आणि पैसे जड नसतील तर वेगाचा, हळूहळू अवघड होत जाणारा व्यायाम आठवड्यातून दोनदा तासभर, पाच-सहा आठवडे करून पाहावा आणि वर्षभराने उजळणी करावी. प्रयोगात झालं ते साधारण असंच. रोज करण्याची सक्ती करणारं, आणि खंड पडला की घाबरवणारं अ‍ॅप काढून टाकावं. व्यायामासाठी रोजची फेरी किंवा भजनी मंडळ सोडावं लागत असेल तर तो सौदा तोट्याचा आहे. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञमंडळाने २०२४ मध्ये डिमेन्शियाशी जोडलेली, बदलता येण्यासारखी १४ कारणं मांडली. जगातली सुमारे ४५ टक्के प्रकरणं त्यांच्याशी निगडित असल्याचा त्यांचा अंदाज आहे. त्यात रक्तदाब, मधुमेह, बैठी राहणी, धूम्रपान, एकटेपणा, नैराश्य, न सुधारलेली दृष्टी आहे. कमी ऐकू येणंही आहे.

या शेवटच्यावर आपल्याकडे सगळ्यात जास्त टाळाटाळ होते. चष्म्याची कुणाला लाज वाटत नाही, कानातल्या यंत्राची वाटते. २०२३ मध्ये ७० ते ८४ वयाच्या ९७७ लोकांवर झालेल्या अमेरिकी प्रयोगात श्रवणयंत्राने सगळ्यांच्या बौद्धिक घसरणीत फरक पडला नाही, पण ज्यांना मुळात जास्त धोका होता त्यांच्यात तीन वर्षांतली घसरण ४८ टक्क्यांनी मंदावली.

आणि विसरणं नव्याने सुरू झालं असेल, म्हणजे ओळखीच्या रस्त्यावर चुकणं, तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणं, नेहमीच्या आमटीची कृती अर्ध्यात अडणं, तर कुठलाही खेळ डाउनलोड करण्याआधी डॉक्टरांकडे जावं. बी-१२ ची कमतरता (शाकाहारी घरांत ती सर्रास असते), थायरॉइडचा बिघाड, नैराश्य, झोपेच्या किंवा सर्दीच्या काही गोळ्या यांनीही असंच होतं. यातलं बरंचसं साध्या रक्ततपासणीत किंवा औषधांची पिशवी डॉक्टरांसमोर रिकामी केल्यावर कळतं, आणि पुष्कळदा उपचाराने सुधारतं.